अमावस्येचं आउटसोर्सिंग

ऐरोलीच्या ऑफिसात राजेश्वरी मॅडमनी फळ्यावर ‘बाहेर’ आणि ‘घरात’ असे दोन रकाने पाडले आणि सगळं काम ‘बाहेर’खाली लिहून टाकलं. कुलदीप आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांची नोकरी दुसऱ्या, कोऱ्या रकान्यात होती.

वाशीच्या कांदा-बटाटा व्यापाऱ्यांचं ॲप हे चौघं सात वर्षं सांभाळत होते. आता ते अश्विन नावाच्या एका तरुणाच्या कंपनीकडे द्यायचं ठरलं, आधी आठवडाभर चाचणी म्हणून. कुलदीप असा भोळा, की स्वतःची नोकरी घेऊन जाणाऱ्याला तो सगळं मन लावून शिकवू लागला.

बुधवारी अश्विन म्हणाला, "सर, इथे बग आहे. अमावस्येला नवीन खातं उघडत नाही."

"बग नाय तो. अमावस्येला व्यापारी काही नवीन सुरू करत नाहीत."

"मग दिवाळीच्या अमावस्येला कसं उघडतं?"

"ती चालते."

"का?"

"लक्ष्मीपूजन असतं ना, यार!"

अश्विनने मान डोलावली आणि दुपारी दोन्ही नियम उडवून टाकले. एकच गोष्ट चालतेही आणि चालत नाहीही, हे त्याला सोसेना.

शुक्रवारी अमावस्या होती. कोंडिबाशेठच्या लेकीने, वैष्णवीने, नव्या गाळ्याची माहिती नेहमीच्या भरवशावर भरून ठेवली, की ॲप खातं उद्याच उघडेल. ॲपने ते तिथल्या तिथे उघडलं आणि दोनशे व्यापाऱ्यांना कळवलंही: ‘कोंडिबाशेठ यांचा नवा गाळा आज सुरू. शुभेच्छा द्या!’

तासाभरात शेठ ऑफिसात हजर.

"अवसेला माजा गाळा कुनी उघडला? लोक फोन करून इचारत्यात, शेठ, बरं हाय ना सगळं? आमी समदे व्यापारी तुमचं ॲप काढून टाकतो!"

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. "अश्विन, काहीतरी करा!"

"नियम परत टाकलेत, मॅडम. पण गेलेला मेसेज कसा आणू?"

कुलदीपने खुर्ची पुढे केली. "शेठ, नारळ फोडला?"

"न्हाय. उद्या हाय."

"मग गाळा उघडला कुठं? नारळाशिवाय मुहूर्त झाला, असं कोण म्हणेल? आज नुसतं नाव नोंदलंय. तसं कळवतो सगळ्यांना. ‘उद्या नारळ, चहाला या.’"

शेठ विचारात पडले. मग खुर्चीत बसले. "चहा नगं. पेढं म्हन."

सगळ्या ऑफिसचा जीव भांड्यात पडला. शेठ गेल्यावर मॅडमनी ‘घरात’खाली लिहिलं: अमावस्या, कोंडिबाशेठ.

"बाकीचं बाहेर. तुम्ही चौघं इथेच राहा," त्या म्हणाल्या. "पण कुलदीप, वर्षाला अमावस्या बाराच. चार माणसं लागतात का रे?"

कुलदीपला इतकं हायसं वाटलं, की त्याला चक्क हिंमत आली.

"यंदा अधिक महिना आहे, मॅडम. तेरा."