अठ्ठावन किलोंची पिकअप

दिनांक ७ एप्रिल २०१३, रविवार, सकाळचे साडेदहा. रक्कम रुपये बावीस हजार. हजर: पैसे देणारे उमरेडकर, पैसे घेणारे मुन्ने मियाँ मिस्त्री आणि साक्षीदार म्हणून मी. व्यवहार एका जुन्या डिझेल पिकअपला नव्या मॉडेलचे दोन अ‍ॅक्सल बसवण्याचा, पुढचा एक आणि मागचा एक. मी नोटा मोजत असताना उमरेडकरांनी खिशातून छोटी हातोडी काढली, माझ्या स्कूटरपाशी गेले आणि मागच्या चाकावर टण्णकन एक ठोका दिला. मान तिरपी करून आवाज ऐकला. मग खडूने मडगार्डवर लिहिलं: अनफिट.

"बेअरिंग गेलं आहे, हर्डीकर साहेब. नोटा मागून मोजा, पहिले हे पाहा."

बेअरिंग खरंच गेलं होतं. एकशे ऐंशी रुपये लागले.

उमरेडकर मूळचे नागपूरचे. रेल्वेच्या कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी डब्यांची चाकं तपासली आणि लखनौलाच निवृत्त झाले. पूर्वी गाडी स्टेशनात थांबली की एक माणूस हातोडीने चाकं वाजवत जायचा. धड चाक खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. उमरेडकरांची नोकरी संपली, पण हातोडी चालूच राहिली. गोमती नगरातल्या आमच्या गल्लीत सकाळी सहाला ते फेरी काढत. मोटारी, स्कूटर, भाजीवाल्याचा ठेला, कुणाच्या बाळाची ढकलगाडी, चाक दिसलं की ठोका, आणि मग खडूने 'फिट' किंवा 'अनफिट', खाली तारीख. माझी मुलगी शाळेत निघताना रोज कुरकुरायची, "पापा, अंकल ने फिर मेरी साइकिल पर अनफिट लिख दिया." समोरच्या श्रीवास्तवांच्या मुलीच्या लग्नात फुलांनी मढवलेल्या नवरदेवाच्या गाडीवरही त्यांनी 'अनफिट' लिहिलं. वरात अर्धा तास थांबली. पुढच्या डाव्या चाकाचे दोन नट ढिले निघाले, म्हणून कुणाला रागावता आलं नाही.

फेरीतलं पहिलं चाक मात्र घरातलंच असे. उमरेडकर वहिनींना पाठीच्या मणक्याच्या दुखण्याने पायांनी दगा दिला, त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्या चाकांच्या खुर्चीत असत. व्हरांड्यात बसून भाजी निवडत, पेपर वाचत आणि नवऱ्यावर नजर ठेवत. उमरेडकर आधी त्या खुर्चीची चारही चाकं वाजवत आणि मगच गल्लीत उतरत. वहिनी म्हणत, "अहो, निदान मी बसलेली असताना तरी ठोकू नका. मंदिराची घंटा आहे का मी?"

त्यांचं दुसरं हत्यार म्हणजे पोलादी टेप, आणि दुसरं व्यसन म्हणजे "मोजलं काय?" हा प्रश्न. मी म्हणावं, यंदा उकाडा फार आहे. "मोजलं काय तुम्ही?" बायकोने म्हणावं, सिलिंडर लवकर संपला. "मोजलं काय?" मी केंद्र सरकारच्या लेखा खात्यातला माणूस, आयुष्य आकड्यांत गेलेलं, त्यामुळे आमचं जमलं. गल्लीत मराठी घरं दोनच, तेही एक कारण.

आता पिकअप. मी २०१०मध्ये गल्लीत राहायला आलो तेव्हा ती होतीच. मलिहाबादच्या एका आंबेवाल्याकडून घेतलेली, निळी, पंधरा वर्षांची. उमरेडकर ना आंबे विकत, ना वीट-वाळू वाहत. वर्षभर गाडी व्हरांड्याला खेटून उभी असे. जूनमध्ये दशहरी आंबा उतरला की एका पहाटे नवरा-बायको तीत बसून मलिहाबादला जात, संध्याकाळी परत येत, आणि आमच्या घरी डझनभर आंबे पोचत. वहिनींचं वर्षभरातलं दवाखान्याखेरीज बाहेर पडणं एवढंच. जानेवारीपासून त्या दिवस मोजायला लागत.

आदल्या वर्षी परतीच्या वाटेवर रेल्वे-पुलाच्या उतारावर गाडीचे ब्रेक लागेनात. उमरेडकरांनी गिअर उतरवत उतरवत गाडी कशीबशी कडेच्या वाळूच्या ढिगात घातली. कुणाला लागलं नाही. पण घरी आल्यावर त्यांनी स्वतःच्या गाडीवर 'अनफिट' लिहिलं आणि मागे विटा लावल्या. जुन्या अ‍ॅक्सलचे सुटे भाग मिळेनासे झाले होते. नव्या मॉडेलच्या अ‍ॅक्सलना ब्रेक मोठे येतात, तेच बसवायचे असं ठरलं. बंगळुरूचा मुलगा फोनवर म्हणाला, बाबा, ती भंगारात द्या आणि टॅक्सी करा. गल्लीतही सगळे तेच म्हणाले. मीही म्हणालो.

"टॅक्सी बसत नाही," उमरेडकर म्हणाले.

खर्चात बसत नाही, असं मी समजलो आणि हिशेब मांडून दाखवला. टॅक्सी वीस वर्षं परवडली असती. त्यांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि मुन्ने मियाँना निरोप धाडला. अट एकच: दशहरी संपायच्या आत गाडी चालती झाली पाहिजे. नाहीतर यंदाची फेरी चुकली.

मुन्ने मियाँ म्हणजे साठीचे, पांढऱ्या दाढीचे, अंगावर ग्रीस आणि तोंडात 'हुज़ूर'. उमरेडकरांनी स्वतः गाडीखाली झोपून दोन चाकांमधलं अंतर मोजलं. मिलिमीटरपर्यंत लिहिलं, सही केली, माझी सही घेतली. मुन्ने मियाँनी कागद कपाळाला लावला आणि कबाडी बाजारात गेले. आठ दिवसांनी दोन अ‍ॅक्सल आले, जुने निघाले, नवे चढले.

गाडी विटांवरून खाली उतरली. चारही चाकं पार आत गेली होती. पैलवानाने नातवाच्या चपला घालाव्यात तशी ती दिसत होती. टायर कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पाट्यांना घासत होते.

चूक शोधायला सव्वा तास लागला. रेल्वेत दोन चाकांमधलं अंतर आतल्या अंगाने मोजतात, या चाकाच्या आतल्या बाजूपासून त्या चाकाच्या आतल्या बाजूपर्यंत. रस्त्यावरच्या गाड्यांचं मोजतात ते टायरच्या मध्यापासून टायरच्या मध्यापर्यंत. उमरेडकरांनी चौतीस वर्षांच्या सवयीने आतलं माप दिलं. मुन्ने मियाँनी आपल्या सवयीने ते मधलं धरलं. साहजिकच त्यांनी कुठल्याशा छोट्या गाडीचे अरुंद अ‍ॅक्सल आणले.

मी मुन्ने मियाँना विचारलं, चाळीस वर्षं या धंद्यात आहात, आकडा पाहून शंका आली नाही?

"आई थी हुज़ूर, उसी दम आई थी," ते खाली बघत म्हणाले. "मगर इंजीनियर साहब ने नाप लिखकर, दस्तखत करके दी थी. अब उनकी नाप पर हम अपनी नाप रखते, तो बदतमीज़ी होती."

अदबीपायी बावीस हजारांचे अ‍ॅक्सल चुकीचे आणणारा माणूस मला लखनौतच भेटू शकला. उमरेडकरांनी मात्र त्यांना शब्दाने दुखवलं नाही. वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं: चूक माझी, आतून मोजलं. कबाड्याने माल परत घेताना साडेतीन हजार कापले. योग्य जोडी मिळायला मे महिना उजाडला.

मेच्या अखेरीस दुसरे अ‍ॅक्सल बसले. चाकं जिथल्या तिथे, ब्रेक असे की गाडी जागच्या जागी थांबे. मुन्ने मियाँ खूश होते, कारण नव्या अ‍ॅक्सलमुळे आणि त्यांच्यासोबत आलेल्या मोठ्या चाकांमुळे गाडी उंचही झाली होती. "देखिए, क्या शान निकली है. बिल्कुल जवान लग रही है."

उमरेडकरांनी टेप काढला. जमिनीपासून डाव्या सीटच्या कडेपर्यंत मोजलं. पुन्हा मोजलं. अडीच इंच वाढले होते.

"नीचे करो," ते म्हणाले. "साढ़े उनतीस इंच. जितनी पहले थी."

मुन्ने मियाँ हसले, मग ही थट्टा नाही हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी समजावलं की गाडी खाली घ्यायची तर कमानीतले पाटे काढावे लागतील, उरलेल्यांचा बाक कमी करावा लागेल, आणि मग गाडी माल पेलणार नाही. पिकअपचा उपयोग काय राहील? मीही त्यांच्या बाजूने बोललो. दशहरी बाजारात आला होता, हातात दोन-तीन आठवडे होते, गाडी उत्तम चालत होती. अडीच इंचांसाठी ती पुन्हा उघडायची?

"फिर बोझ कितना उठाएगी, यह तो सोचिए हुज़ूर," मुन्ने मियाँ म्हणाले. "आपको उठाना कितना है?"

"अट्ठावन किलो."

मुन्ने मियाँनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत आकडा लिहिला. अठ्ठावन किलोंसाठी पिकअप ठेवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. रज्जाक कमानीवाल्यांनी पाटे उतरवण्याचे आठशे सांगितले, काम मात्र सवडीने करणार म्हणाले. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: अनावश्यक. उमरेडकरांनी ते वाचलं आणि खाली सही केली. रज्जाक कमानीवाल्यांना निरोप गेला की आठशे चाचणी झाल्यावर मिळतील.

पुढचे दोन आठवडे गाडी पुन्हा विटांवर. वहिनी व्हरांड्यातून रोज विचारत, "यंदा आंबा मलिहाबादचा खायचा की अमीनाबादच्या हातगाडीवरचा, तेवढं सांगून ठेवा." उमरेडकर गाडीखालून उत्तर देत, "मोजून राहिलो नं मी." त्या मग माझ्याकडे बघून म्हणत, "ऐकलंत? लग्न झाल्यापासून छत्तीस वर्षं मोजताहेत."

दिनांक १६ जून, रविवार, पहाटे पाच. साक्षीदार म्हणून मला बोलावणं आलं. आजवर ते दोघं निघत तेव्हा मी झोपलेला असे. चाचणीसाठी गव्हाचं पोतं वगैरे असेल या हिशेबाने मी वही घेऊन गेलो.

पिकअप व्हरांड्याला खेटून उभी होती, डावं दार व्हरांड्यावर उघडलेलं. उमरेडकरांनी वहिनींची खुर्ची ढकलत आणली, दाराशी लावली, तिचे ब्रेक घट्ट केले. खुर्चीचा हात काढला. मग खुर्चीच्या गादीपासून गाडीच्या सीटपर्यंत एक गुळगुळीत फळी टाकली आणि फळीवर गवंड्याची पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये येऊन थांबला.

वहिनींनी साडी सारखी केली, दोन्ही हात फळीवर टेकवले आणि सरकल्या. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा सीटवर. कुणी उचललं नाही, कुणाचा हात लागला नाही. टॅक्सीचं दार त्या व्हरांड्यावर उघडलंच नसतं, आणि सीट राहिली असती वीतभर खाली. खुर्ची साडेएकोणीस इंच, व्हरांडा दहा इंच. बेरीज मी तिथेच केली, साडेएकोणतीस. तीन वर्षं मी ही गाडी रोज पाहत होतो, हिशेब मांडून देत होतो, आणि वहिनी तीत बसतात कशा हे मी एकदाही मोजलं नव्हतं.

वहिनींनी पदर खोचला, आरशात पाहिलं, सीटवर हात फिरवला.

"दोन महिने काय केलंत हो तुम्ही आणि त्या मिस्त्रींनी?" त्या म्हणाल्या. "मला तर काहीच फरक वाटला नाही."

उमरेडकरांनी "मोजलं काय?" असं विचारलं नाही. ते वाकले, पुढच्या चाकावर हातोडीचा ठोका दिला आणि नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ मान तिरपी करून ऐकत राहिले. मग चाकावर खडूने 'फिट' लिहिलं, खाली तारीख घातली, आणि खिशातून मोजलेल्या नोटा काढून माझ्या हातात दिल्या.

संध्याकाळी आमच्याकडे डझनभर दशहरी आले. त्याआधी दुपारीच मी जाऊन पैसे पोचते केले आणि वहीत नोंद केली. रक्कम रुपये आठशे, रज्जाक कमानीवाले यांना, पाटे उतरवण्याबद्दल. मागच्या पानावरचा 'अनावश्यक' हा शेरा खोडून शेजारी सही केली. चाचणीला हजर: उमरेडकर, मी, आणि या वेळी वहिनी.