धर्मबाप हुआरेसला निघाला

बुधवारी सकाळी तिबुर्सिओ ओलिवासच्या घरात कॉफी निवून पाणी झाली, तरी हुआरेसला जायचं कसं हे काही ठरेना. शनिवारी दुपारी बारा वाजता नातवाचा बाप्तिस्मा होता आणि धर्मबाप होता खुद्द तिबुर्सिओ. देलिसियासहून हुआरेस साडेचारशे किलोमीटर, पार अमेरिकेच्या हद्दीला टेकलेलं. या गृहस्थाने एकतीस वर्षं देलिसियासच्या बसस्टँडवर तिकिटं विकली, अर्धं गाव उत्तरेला धाडलं, पण स्वतः जवळच्या चिवावा शहराच्या पुढे म्हणून कधी गेला नाही. मुलगीच दर नाताळाला माहेरी यायची, तेव्हा जायची वेळच आली नव्हती.

"बाबा, विमानाने या," मुलगी नोएमी फोनवर सांगत होती. "मी तिकीट काढते."

"ते विमान आधी मेक्सिको शहराला जातं, माहितीये?" तिबुर्सिओ म्हणाला. "म्हणजे उत्तरेला जायचं म्हणून आधी दक्षिणेला जा, तिथे चार तास बसून राहा, मग परत आपल्याच गावावरून उडत जा. हा द्राविडी प्राणायाम कोणी सांगितलाय?"

"मग आदाल्बेर्तोची पिकअप आहे की," त्याची बायको एउलालिया पीठ मळता मळता म्हणाली. आदाल्बेर्तो तिचा भाचा. "तो शनिवारी तिकडेच चाललाय. फुकटात नेईल."

"एकतीस वर्षं मी तिकिटं विकली म्हातारे, आणि आता पिकअपमधून जाऊ? लोक काय म्हणतील?"

"लोक काही म्हणत नाहीत. तूच म्हणतोस."

तेवढ्यात नोएमीने फोन सासऱ्यांच्या हातात दिला. वेन्सेस्लाओ म्हणजे तिबुर्सिओचा व्याही. चर्चपासून दोन गल्ल्यांवर त्याचं घर. नातू जन्मला त्या दिवसापासून धर्मबाप आपणच व्हावं असं त्याच्याही मनात होतं. शेवटी नाणं उडवलं आणि तिबुर्सिओ जिंकला. तेव्हापासून हा माणूस दर रविवारी फोन करून तब्येतीची चौकशी करायचा, आणि ती चौकशी तिबुर्सिओला सुईसारखी टोचायची.

"काय व्याही, येतोस ना?" वेन्सेस्लाओ म्हणाला. "नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नकोस. मी आहेच. टाय इस्त्री करून ठेवलाय."

"तो टाय कपाटात ठेव," तिबुर्सिओ गरजला, "मी बसने येतोय! पहाटे पाचची थेट गाडी, साडेदहाला हुआरेस!"

आणि ठरलं. तिबुर्सिओने त्याच दिवशी तीन आणि चार नंबरची तिकिटं काढली. डावीकडची, सकाळचं ऊन न लागणारी. एवढं करून गप्प घरी यावं की नाही? पण नाही. वाटेत न्हाव्याच्या दुकानात शिरला आणि दाढी करून घेता घेता खुर्चीतून जाहीर केलं, "शनिवारी हुआरेसला चाललोय. नातवाचा धर्मबाप आहे मी." दुकानात सहा गिऱ्हाइकं होती. देलिसियासमध्ये सहा माणसांना सांगितलं की वर्तमानपत्रात छापायची गरज उरत नाही.

गुरुवारी सकाळी आठला पहिली हजेरी शेजारच्या डोन्या एर्मेलिंदाची. हातात सुकवलेल्या मिरच्यांचं गाठोडं.

"जाताच आहात, तर एवढं माझ्या मुलाला न्या. तिकडच्या मिरच्यांना काही चवच नाही म्हणतो बिचारा."

आता कुणी हुआरेसला निघाला आणि शेजारणीचं गाठोडं नाही म्हणाला, असं या गावात कधी झालेलं नाही. नाही म्हणणारा माणूस पुढे मेला तरी लोक मयताला जाताना विचार करतील. एउलालियाने गाठोडं घेतलं. मग अक्रोडाची दोन पोती आली. मग बिहीच्या फळांच्या वड्यांचे डबे. शिवणयंत्र आलं, नुसतं मुंडकं, पण लोखंडी. दुपारी कोणा भाचीच्या नव्या घरासाठी अडल्यानडल्यांना पावणाऱ्या संत यूदाची साडेतीन फुटी मूर्ती आली. संध्याकाळी म्हातारा नाबोर वीस लिटरचा कॅन ढकलत ढकलत घेऊन आला.

"हे काय?" तिबुर्सिओने विचारलं.

"पाणी. आमच्या विहिरीचं."

"हुआरेसात पाणी नाही होय?"

"आहे. पण माझ्या भावाला चाळीस वर्षांत ते गोड लागलं नाही," नाबोर म्हणाला आणि डोळे पुसायला लागला. आता काय बोलणार! कॅन आत घेतला.

शुक्रवारी तिबुर्सिओ सामान आधीच नोंदवायला बसस्टँडवर गेला. खिडकीत ग्रिसेल्दा होती. बावीस वर्षांची असताना तिला त्यानेच कामाला लावलं होतं, पेन कानावर कसं ठेवायचं इथपासून शिकवलं होतं. तिने यादी वाचली, मग त्याच्याकडे पाहिलं.

"डॉन तिबुर्सिओ, माणशी पंचवीस किलो. हे दोनशेच्या वर जातंय."

"अगं, मी आहे ना! घे जरा सांभाळून."

"तुम्हीच शिकवलंत. 'ग्रिसेल्दा, माझी सख्खी आई जरी आली तरी पंचवीस म्हणजे पंचवीस.' आठवतं? आणि तुमची आई खरंच आली होती. तुम्ही तिच्या कोंबड्या उतरवून घेतल्या होत्या."

रांगेतली माणसं हसली. तिबुर्सिओला हसताही येईना आणि चिडताही येईना. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तो मुकाट्याने घरी आला आणि दारातच बसला.

"मी काय म्हणत होते बुधवारी?" एउलालियाने विचारलं. उत्तराची तिला गरज नव्हती. "आता ऐक. बसचं तिकीट काढलंय ते फुकट नाही घालवायचं. बाळाचा झगा घेऊन मी बसने पुढे जाते. तू सामान घेऊन आदाल्बेर्तोबरोबर ये, त्याच्या एकट्याच्या भरवशावर ते पोचायचं नाही."

"धर्मबाप सामानाबरोबर?"

"मग कोण, संत यूदा सामान सांभाळेल?"

शनिवारी पहाटे पाचला एउलालिया तीन नंबरच्या सीटवर ऐसपैस बसून, चार नंबरवर झगा ठेवून निघाली. त्याच वेळी पिकअपही निघाली. स्टिअरिंगवर आदाल्बेर्तो, मध्ये काळ्या सुटातला तिबुर्सिओ, आणि खिडकीशी पट्टा बांधलेला संत यूदा, कारण मागे त्याचं नाक मोडण्याची भीती होती. मागच्या हौद्यात एवढं सामान होतं की पिकअपचं तोंड आभाळाकडे वळलं होतं.

"काका, नऊपर्यंत व्हिया आउमादा, साडेअकराला हुआरेस. निवांत," आदाल्बेर्तो म्हणाला.

व्हिया आउमादा आलं साडेनऊला. तिथे चीज भरलेल्या गरम पोळ्या मिळतात आणि त्या न खाता कोणी पुढे जात नाही. तिबुर्सिओ ओरडला, "आज नको!" पण आदाल्बेर्तोने गाडी आधीच बाजूला घेतली होती. तिथे न थांबता जाणारा माणूस त्याने जन्मात पाहिला नव्हता, आणि पहिला आपण व्हावं असं काही त्याला वाटेना. पोळ्या झाल्या, वर कॉफी झाली. दहा वाजून गेले.

ऑगस्टचं ऊन. हुआरेसच्या अलीकडच्या सामालायुकाच्या वाळूच्या टेकड्या दिसायला लागल्या आणि पिकअपच्या तोंडातून वाफ निघायला लागली. आदाल्बेर्तोने रेडिएटरचं टोपण उघडलं. आत ठणठणाट.

"पाणी पाहिजे, काका."

चहूकडे वाळू. पंधरा-वीस गाड्यांना हात केला, एकही थांबली नाही. काळ्या सुटातला घामाघूम म्हातारा आणि खिडकीतून डोकावणारा संत बघून लोकांनी छातीवर क्रूस काढला आणि वेग वाढवला. शेवटी दोघांचीही नजर एकाच वेळी नाबोरच्या कॅनवर गेली.

"नाही," तिबुर्सिओ म्हणाला. "चाळीस वर्षं वाट बघतोय तो माणूस."

"काका, थोडं ठेवू की त्याला. पेलाभर."

इतक्यात फोन वाजला. नोएमी होती. "बाबा, कुठे आहात? पावणेबारा झालेत! फादर आन्सेल्मो म्हणतायत, बारापर्यंत धर्मबाप आला नाही तर दुसरा उभा करा. एकची वेळ दुसऱ्या बाळाची आहे. सासरे टाय लावूनच आलेत, आणि..." फोन मेला. बॅटरी संपली.

तिबुर्सिओ कॅनकडे वळला. "ओत," तो म्हणाला. पाणी घळघळ रेडिएटरमध्ये जात होतं आणि तो नाबोरची, त्याच्या भावाची आणि विहिरीचीही माफी मागत होता. तळाशी बाटलीभर उरलं. ते त्याने मांडीत धरून ठेवलं.

वाटभर त्याला सगळं दिसत होतं: व्याह्याच्या हातात बाळ, व्याह्याच्या हातात मेणबत्ती, व्याह्याचा तो इस्त्रीचा टाय. आता जन्मभर नातू त्याला 'धर्मबाबा' म्हणणार आणि आपण आपले नुसते देलिसियासचे आजोबा, नाताळात अक्रोड पाठवणारे. तिबुर्सिओच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. बघायला एकटा संत यूदाच होता, कारण आदाल्बेर्तो रस्ता चुकण्यात गुंतला होता.

चर्चसमोर पिकअप थांबली तेव्हा एकला पाच मिनिटं कमी होती. तिबुर्सिओ उडी मारून उतरला, निदान त्याचा बेत तरी उडीचा होता, आणि पायऱ्या चढला. दारात एउलालिया उभी होती. तिच्या कडेवर पांढऱ्या झग्यातलं बाळ गाढ झोपलेलं.

"झालं का गं?" त्याने धापा टाकत विचारलं. "केलं त्यांनी?"

"कुठलं होतंय! तुझा व्याही पापांची कबुली द्यायला बसलाय. बाराला आत गेला तो अजून बाहेर नाही!"

"काय?"

"फादर म्हणाले, धर्मबाप व्हायचं तर आधी कबुली द्यायला हवी. तो म्हणाला, 'बरोबर आहे फादर, चला.' आणि बसला. पंचावन्न मिनिटं झाली! त्याची बायको तिकडे रडतेय. म्हणते, या माणसाबरोबर मी चाळीस वर्षं संसार केला आणि मला काहीच माहीत नाही!"

तेवढ्यात कबुलीच्या लाकडी खोलीचं दार उघडलं. वेन्सेस्लाओने आधी डोकं बाहेर काढलं, दाराकडे पाहिलं, तिबुर्सिओ दिसला आणि त्याचा चेहरा खुलला. "फादर, झालं माझं!" तो आत वळून म्हणाला. मागून फादर आन्सेल्मो भिंतीला धरून आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"धर्मबाप आलाय, फादर," वेन्सेस्लाओ म्हणाला. "खरा. हा तिबुर्सिओ ओलिवास."

फादरनी नाव ऐकलं आणि ते जागीच थांबले. तिबुर्सिओला त्यांनी पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"देलिसियासचे?" त्यांनी हळूच विचारलं. "बसस्टँडवरचे?"

"होय फादर. कबुली मी परवाच गावात दिली. ही चिठ्ठी."

"तिथे सगळं सांगितलंत?"

"सगळं म्हणजे... होतं तेवढं."

फादरनी दीर्घ श्वास घेतला, वर पाहिलं, आणि ते बाप्तिस्म्याच्या पाण्याकडे वळले. एकची मंडळी दारात खोळंबली होती, पण बाप्तिस्मा झाला. पाणी डोक्यावर पडलं तेव्हा बाळ जागं झालं, त्याने तिबुर्सिओचा सूट धरून टाहो फोडला. तो टाहो तिबुर्सिओला इतका गोड वाटला की तोही बाळाबरोबर रडला. मेणबत्ती धरलेला हात बाळाच्या झग्याकडे कलला. एउलालियाने तो खालून धरून ठेवला. जाता जाता फादर त्याच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "रोज पन्नास वेळा प्रार्थना म्हणा. वर्षभर. आणि आईच्या कबरीवर फुलं ठेवत जा."

बाप्तिस्म्यानंतर धर्मबापाने नाणी उधळायची रीत, म्हणून बाहेर गल्लीतली पोरं "धर्मबाबा, नाणी! धर्मबाबा, नाणी!" ओरडत जमलीच होती. तिबुर्सिओने खिशातली चिल्लर मुठीमुठीने उधळली. पोरं पायात लोळायला लागली. त्या गोंधळात त्याने व्याह्याला बाजूला ओढलं.

"का केलंस रे? तुला तर स्वतःला व्हायचं होतं."

"होतंच. अजूनही वाटतं," वेन्सेस्लाओने टाय सैल केला. "पण नाणं तू जिंकलेलास. आणि मी झालो असतो तर तू पुन्हा फोन उचलला असतास का? मग रविवारी मी भांडायचं कुणाशी?"

तिबुर्सिओने त्याला कडकडून मिठी मारली. मग काहीतरी आठवून तो मागे सरकला.

"पण पंचावन्न मिनिटं, व्याही? एवढी पापं केलीस तरी कधी?"

"छे रे!" वेन्सेस्लाओ म्हणाला. "माझी अकरा मिनिटांत संपली. मग तुझी सांगायला घेतली."