हेकळवाडीची पूर्वसूचना

जगात वर्षभरात काय काय घडले, याची माहिती म्हसवडपासून अकरा किलोमीटरवरच्या हेकळवाडीत डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पोचली. ती परिपत्रकासोबत आली. जगातील उल्लेखनीय पर्यावरणीय घटनांची वार्षिक यादी तयार होत असून तीत आपला तालुका मागे राहू नये, सबब प्रत्येक गावाने किमान एक घटना ऑनलाइन नोंदवावी, 'निरंक' अहवाल स्वीकारला जाणार नाही, असे त्यात म्हटले होते. नमुन्यादाखल परदेशातल्या घटना जोडल्या होत्या. कुठे शहराशेजारचे रान पेटले होते, कुठे डोंगरावरचे बर्फ सुटून गावावर येऊन बसले होते, कुठे वाळवंटात नावा चालल्या होत्या.

शेजारच्या गावांची पंचाईत झाली. एका गावाने वठलेला पिंपळ नोंदवला, दुसऱ्याने 'वारा' एवढेच लिहिले. हेकळवाडीकडे मात्र तयार घटना होती. गेल्या मे महिन्यात, जेव्हा त्या मुलखात ढगसुद्धा सावली बघून बसतात, तेव्हा दोन तासांत एवढा पाऊस कोसळला की वाडीचा पाझर तलाव काठोकाठ भरला आणि बांध मधोमध फुटून सगळे पाणी ओढ्याने निघून गेले. पुढचा अख्खा पावसाळा त्या भगदाडातून वाहून गेला.

या भगदाडात अंजनाबाईंचा संसार अडकला होता. त्यांची साठ मेंढरे. पूर्वी दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकून पाण्याच्या मागे चालायचे. तलाव झाल्यापासून तीन वर्षे बिऱ्हाड हलले नव्हते, म्हणून लेक प्रांजल सलग एका शाळेत नववीपर्यंत आली होती. यंदा विहिरीवाल्यांच्या हातापाया पडून त्यांनी दिवाळी ओलांडली. चैत्रातल्या बिरोबाच्या जत्रेपर्यंत बांध झाला तर प्रांजलची दहावी इथेच, नाहीतर मेंढरांमागे.

म्हसवडचा तौसीफ जेसीबी घेऊन यायला तयार होता. दोन दिवसांचे काम, फक्त डिझेल टाका म्हणाला. पण बांध सरकारी. घटना नोंदल्याशिवाय तो फुटलेला धरता येत नव्हता आणि न फुटलेला बांध दुरुस्त करणे हा गुन्हा होता.

ग्रामसेवक ऋषिराज लॅपटॉप घेऊन चावडीत बसले. समोर अंजनाबाई आणि मल्हारतात्या. तात्या म्हणजे दर चैत्रात जत्रेच्या दिवशी ज्यांच्या अंगात देव येतो आणि जे साऱ्या वर्षाची भाकणूक सांगतात ते. पीकपाणी, रोगराई, कुणाचा टांगा पलटी होणार ते सगळे.

पुरावा जोडा, असा रकाना होता. पर्जन्यमापक अठरा किलोमीटरवर, तिथे त्या दिवशी ऊन होते. अंजनाबाईंनी पुरावा म्हणून जात्यावर रचलेली ओवी दिली:

वैशाखात आला पाऊस, त्याला घराचा पत्ता न्हाई
बांध फोडून पाणी गेलं, माझ्या मेंढीला घोट न्हाई

ऋषिराजांनी ती 'जोडपत्र अ' म्हणून चढवली. चढली. मग रकाना सात आला. 'सदर घटनेची पूर्वसूचना उपलब्ध होती काय?' ऋषिराज अनुभवी होते. त्यांनी विचारले नाही, सांगितले. "काकू, इथं 'नाही' टाकतो."

अंजनाबाईंनी तात्यांकडे पाहिले. गेल्या चैत्रात भंडाऱ्यात माखून तात्या बोलले होते ते साऱ्या वाडीने ऐकले होते. मिरगाच्या आधी मिरग यील, तळ्याचं पोट फुटंल. आता 'नाही' म्हणणे म्हणजे बिरोबाला खोटे पाडणे.

"हुती की, भाऊसाहेब. देवानं सांगितलं हुतं."

"काकू, गप बसा की."

"आवं, तुमीच तर शिक्का मारलाय."

हे खरे होते. जत्रेच्या दुसऱ्याच दिवशी वाडीने बांधाला चीर पडली आहे, देवानेही सांगितले आहे, डागडुजी करावी, असा अर्ज दिला होता. त्यावर उत्तरही आले होते: 'भाकणुकीच्या आधारे शासकीय काम हाती घेता येत नाही.' खाली ऋषिराजांचा पोचशिक्का. ऋषिराजांनी डोळे मिटले आणि 'होय' दाबले.

पंधरा दिवसांनी तालुक्याहून नोंद कक्षाच्या अंकिता मॅडम स्वतः आल्या. मॅडम हुशार आणि मनाच्या चांगल्या होत्या, त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येईना. त्यांनी वाडीचा जुना अर्ज टेबलावर ठेवला आणि समजावून सांगितले की कलम सातनुसार ज्या घटनेची पूर्वसूचना मिळालेली असते ती घटना नसते, तो निष्काळजीपणा असतो, आणि तो ज्याला सूचना मिळाली त्याचा. तुम्हाला सूचना होती हे तुम्हीच लेखी दिले आहे. मग तुम्ही काय केले?

"तुमास्नी अर्ज केला," अंजनाबाई म्हणाल्या.

"तेच तर. म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

वाडीला नोटीस मिळाली आणि बांध कागदोपत्री न फुटलेलाच राहिला. पण मॅडम अन्याय करणाऱ्या नव्हत्या. महिनाभर आधी अचूक अंदाज देणारी व्यवस्था तालुक्यात दुसरी नव्हती, म्हणून मल्हारतात्यांना 'मानद पूर्वसूचना केंद्र क्रमांक एक' करण्यात आले. एक टॅबलेट मिळाला. रोज सकाळी दहाच्या आत अंदाज पाठवायचा.

"बाई, देव वर्साला एकदाच येतो," तात्या म्हणाले.

"वारंवारता वाढवावी लागेल," मॅडमनी टिपून घेतले.

तात्यांनी बिरोबाची माफी मागितली आणि रोज एकच अंदाज पाठवू लागले: 'जे हाय ते हाय.' महिनाअखेर त्यांची अचूकता शंभर टक्के निघाली. त्यांचा सत्कार झाला, शाल, श्रीफळ आणि कुंडीतले रोप. तात्यांनी रोप अंजनाबाईंच्या हातात दिले. त्यांनी त्याला घागरीतले तांब्याभर पाणी घातले आणि त्या दिवशी एक मेंढी कमी पाण्यावर राहिली.

मार्चमध्ये जगाची यादी प्रसिद्ध झाली. हेकळवाडी तिच्यात नव्हती. वाऱ्यावाले गाव होते. ऋषिराजांनी चावडीत यादी वाचून दाखवली. अंजनाबाई म्हणाल्या, "भाऊसाहेब, ते रान पेटलं, बर्फ सुटलं, तिकडं कुणी आधी सांगितलं न्हवतं व्हय?"

ऋषिराज बराच वेळ मोबाइलवर बोट फिरवत राहिले. "सांगितलं होतं. शास्त्रज्ञांनी. तीस-चाळीस वर्षं झाली सांगतायत."

"आन् आयकणाऱ्यांनी काय केलं?"

"परिषद भरवली."

"त्यास्नी नोटीस गेली?"

"त्यांनीच तर यादी केलीय, काकू."

अंजनाबाई हसल्या. वाडीत बऱ्याच दिवसांनी कुणी हसले.

चैत्रात जत्रा भरली. यंदा 'मानद पूर्वसूचना केंद्र' असा फ्लेक्स लागला होता, मॅडम पुढच्या रांगेत बसल्या होत्या. वाडीच्या टोकाला अंजनाबाईंचे घोडे उभे होते. त्यावर बिऱ्हाड लादलेले, वर उलटी बाज, बाजेच्या दोरीला प्रांजलचे दप्तर. तात्यांचा शब्द ऐकायचा आणि निघायचे, एवढेच उरले होते.

ढोल थांबले. भंडारा उधळला. तात्या घुमले, आणि या खेपेला पावसाचे काहीच बोलले नाहीत.

"बांध तसाच ऱ्हाईल. पोरगी चालंल. तिची गोष्ट कुणीतरी लिवंल, कागदावर छापंल. शिकलेली माणसं वाचतील. लय हसतील. आन् पान उलटतील."

मॅडमनी विचारले, ही पूर्वसूचना नेमकी कुणासाठी? ऋषिराजांनी टॅबलेट उघडून अंदाज भरला. 'सूचना प्राप्त होणारी व्यक्ती' या रकान्यात त्यांनी 'वाचणारा' असे लिहिले आणि वर मान करून पाहिले. मेंढरे ओढा ओलांडत होती. सर्वांत मागे एक दप्तर हलत होते.

नोंद स्वीकारली गेली. आपल्याला आता सूचना मिळालेली आहे. कलम सात पुन्हा एकदा वाचून घ्यावे.