दहा ध्येये शाबूत

ज्या माणसाला एखादी गोष्ट अजिबात येत नाही, त्याचे त्या बाबतीतले ध्येय नेहमी भव्य असते. ज्याला थोडीफार येते, तो बिचारा आवाक्यातले काहीतरी बोलून बसतो आणि चारचौघांत लहान ठरतो. हे सत्य ओळखूनच बडोद्याच्या वाडी भागात प्रतापरावांनी 'सायकल-आरोग्य ध्येय मंडळ' काढले. (नावात आधी 'व्यायाम' हा शब्दही होता. फलकावर जागा पुरेना, म्हणून तो गाळला.)

मंडळाचे काम अत्यंत शिस्तीत चाले. दर रविवारी सकाळी सभा भरे. एका सभासदाने आपल्या प्रकृतीसाठी सायकलीचे ध्येय जाहीर करायचे, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचे, मग टाळ्या आणि मग सेव-उसळ. सेव-उसळीला अनुमोदन लागत नसे. पहिल्याच वर्षी मंडळाने चार हजार किलोमीटरची ध्येये एकमताने मंजूर केली. त्यांतले प्रत्यक्ष किती कापले, असे एका सभासदाने एकदा विचारले होते. त्याला तातडीने उसळ समितीवर घेण्यात आले, आणि तिथे तो रमला.

मंडळाच्या अकरा सभासदांत एक जयवंतराव होते. रेल्वेतून निवृत्त, पोट जरा पुढे, स्वभाव भिडस्त. त्यांना सायकल येत नव्हती. शाळा गल्लीच्या तोंडाशी होती, नोकरी क्वार्टरच्या समोर, आणि घरची स्कूटर त्यांच्या पत्नी निरुपमाबाई चालवत. हे पिशवी धरून मागे बसत. मंडळात शिरायला सायकल असणे आवश्यक होते, येणे नव्हे. म्हणून त्यांनी एक चकचकीत सायकल घेतली आणि ती हाताने ढकलत सभेला नेऊ लागले. वाडीच्या गर्दीत सगळेच उतरून चालतात, त्यामुळे कुणाला संशय आला नाही.

गणपतीनंतरच्या सभेत त्यांची पाळी आली. आधीच्या सभासदाने कमाटीबागेपर्यंत मजल मारली होती (तोंडाने). गावातली कमाटीबाग आणि गावाबाहेर दूरवरचा पावागड डोंगर यांत सायकलवाल्याच्या दृष्टीने काय फरक असतो, याची जयवंतरावांना सुतराम कल्पना नव्हती. ते उभे राहिले आणि म्हणाले, "पावागड."

टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रतापरावांना गहिवरून आले. "ह्याला म्हणतात ध्येय! पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पाणीगेटला झेंडा दाखवू. पेपरवाल्याला पण बोलावू ने!" मंडळाच्या इतिहासात ध्येयाला तारीख पडण्याची ही पहिलीच वेळ. (घटनेतली ही पळवाट पुढे बुजवण्यात आली.)

जयवंतरावांना पुढचे सगळे चित्र दिसले. साठीला टेकलेला माणूस सगळ्या गावासमोर धपकन पडणार, आणि पेपरात फोटो येणार. घरी जाऊन त्यांनी बायकोला सगळे सांगितले.

"अहो, पण तुम्हाला सायकल येते कुठे?"

"म्हणून तर पावागड म्हटलं. येत असती तर कमाटीबागच म्हटलं असतं."

निरुपमाबाईंना हे पटले. त्या माहेरच्या नागरवाड्यातल्या, लहानपणी शाळेत सायकलवरून जाणाऱ्या. दुसऱ्या दिवसापासून पोलो ग्राउंडवर वर्ग सुरू झाला. हे वर बसत, त्या सीट धरून मागे धावत. या उपक्रमाने महिनाभरात तीन किलो वजन उतरले (निरुपमाबाईंचे). क्रिकेट खेळणारी पोरे "काका, सामे जुओ, सामे!" असे ओरडून मार्गदर्शन करीत. शेवटी काकांना समोर बघून सरळ जाणे जमले. वळणे पुढच्या आठवड्यात आणि थांबणे त्याच्या पुढच्या आठवड्यात घ्यायचे ठरले होते, पण रविवार आधी आला.

पाणीगेटला अकरा सभासद, अकरा सायकली आणि एक पेपरवाला जमले. प्रतापरावांनी आरोग्यावर बोलता बोलता धाप लागेपर्यंत भाषण केले आणि झेंडा हलवला. दहा सभासद हँडलवर हात ठेवून फोटोसाठी छान उभे राहिले. अकरावा निघाला.

रस्ता सरळ होता, हा काही जयवंतरावांचा दोष नव्हे. म्हशी बाजूला झाल्या, चहाची टपरी गेली, ओळखीचे बडोदे मागे पडले. निरुपमाबाई स्कूटर काढून मागे लागल्या.

"अहो, थांबा!"

"थांबता येत नाही गं!"

"मग चालवा!"

त्यांनी चालवली. लोक ध्येय कसे गाठतात यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण उतरता न येणे हे त्याचे मुख्य कारण कुठेच नमूद केलेले आढळत नाही. वारा शर्टात शिरला होता. जयवंतराव मोठमोठ्याने हसत होते, त्यांना कधी नव्हे इतका आनंद झाला होता. नवव्या किलोमीटरला एका पुलाचा चढ लागला, सायकल आपोआप मंदावली आणि निरुपमाबाईंनी स्कूटर बाजूला लावून धावत येऊन सीट पकडली.

"निरू, मी सायकल चालवली!" एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. डोळ्यांतून पाणी येत होते. त्यांनी त्याचा दोष वाऱ्यावर ढकलला नाही.

दुपारी मंडळाची तातडीची सभा झाली. पावागड पन्नास किलोमीटर, कापले नऊ, म्हणजे जयवंतराव साफ नापास. इतरांची ध्येये सुरूच झालेली नसल्यामुळे त्यांना धक्का लागला नव्हता. अहवालात नोंद झाली: दहा ध्येये शाबूत, एक भंगले. शिवाय फोटो व्हायच्या आत निघून जाणे हा शिस्तभंग ठरला आणि जयवंतरावांना कमी करण्यात आले. निरोप द्यायला माणूस गेला तेव्हा दाराला कुलूप होते. दोघे वळायला शिकायला गेले होते.

तेव्हा मंडळात सध्या एक जागा रिकामी आहे. अर्ज वगैरे काही नाही. सायकलीविषयी एवढे सगळे जो बसल्या जागेवरून न हलता वाचून काढतो, त्याला थेट प्रवेश मिळतो. आपले हार्दिक अभिनंदन. नाव मंजूर झाले आहे, फक्त ध्येय कळवायचे राहिले आहे.

"मोठंच सांगा हं," प्रतापराव आवर्जून सुचवतात, "लहान सांगितलं की करावं लागतं."