गुरुपादप्पांचा रशियन

मुरुम गावच्या बाजारपेठेत गुरुपादप्पांच्या कापडदुकानातला चहा अंघोळीच्या बंबात व्हायचा. दुकानाच्या उंबऱ्याशी पितळी बंब धुमसत असे आणि तोटी सोडून अप्पा गिऱ्हाइकाच्या हातात काचेचा पेला देत. चहाला राखेचा वास यायचा. कुणी तोंड वाकडं केलं, तर अप्पा म्हणत, "रशियात असाच पितेत."

निजामाच्या राज्याची ती अखेरची वर्षं. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. अप्पांचं शिक्षण उर्दूत झालेलं. हैदराबादहून येताना कुठंतरी त्यांना एक जुनं पुस्तक मिळालं होतं, कुणा रशियन लेखकाच्या गोष्टींचा उर्दू तर्जुमा. पहिलं पान फाटलेलं, त्यामुळं लेखकाचं नाव खुद्द अप्पांनाही ठाऊक नव्हतं. ते त्याला 'आपला रशियन' म्हणत. जसा काही तो शेजारच्या आळंद गावाकडचा त्यांचा पाहुणाच.

बायका लुगडं घ्यायला आल्या, की आधी गोष्ट ऐकावी लागे. मग कापड मोजायचा गज हातात यायचा. कुणी फार घासाघीस केली, तर "आपला रशियन म्हणतो, भाव करणाऱ्याचं मन दुसरीकडंच असतंय," असं म्हणून ते गिऱ्हाइकाकडं इतक्या दयेनं बघत, की ते बिचारं लाजून निघून जाई. मला एकदा म्हणाले, "मास्तर, तुमी हुबेहूब त्याच्या गोष्टीतल्या पोस्टमास्तरावाणी दिसता." मी खूश झालो. नंतर कळलं, तो पोस्टमास्तर दारुडा होता.

बायको वारलेली. एकुलता एक मुलगा शिवराज सोलापूरला मामाच्या दुकानात शिकतोय, असं ते सांगत.

त्या वर्षी अप्पांनी ठरवलं, रशियनाच्या एका गोष्टीचं नाटक करायचं. गोष्ट साधी होती. मुलाला शिक्षा होऊन बर्फाच्या मुलखातल्या तुरुंगात धाडलेलं असतं. म्हातारा बाप महिनाभर चालत तिथं जातो, गजाआडच्या मुलाकडं बघतो आणि एक शब्द न बोलता माघारी फिरतो. बाप अप्पा, पहारेकरी महबूबभाई शिंपी, मुलाच्या जागी गजाआड नुसती टांगलेली घोंगडी. पुस्तक हातात धरून आडोशाला बसायचं आणि अडेल तिथं त्यातलं वाक्य मराठीत सांगायचं, हे माझं काम.

दिवस वाईट होते. निजामाविरुद्धचे सत्याग्रही तुरुंगात होते, पोरं संस्थानाच्या सरहद्दीपार पळत होती, चार माणसं एकत्र दिसली तरी पोलीस विचारत. ठाण्याच्या अमीनसाहेबांनी, म्हणजे फौजदारांनी, आम्हा तिघांना बोलावलं.

"रूस का खेल क्यों?"

"कहानी अच्छी है, साहब," अप्पा म्हणाले.

"कैदी ने किया क्या?"

"किताब में लिखा नहीं, साहब. बाप को भी मालूम नहीं."

अमीनसाहेबांनी अप्पांना नीट निरखलं. मग म्हणाले, "सूरज डूबने से पहले खतम करना. और किताब से बाहर का एक लफ्ज आया, तो तीनों अंदर."

ठाण्याबाहेर येऊन मी अप्पांना म्हणालो, "राहू द्या हे." ते म्हणाले, "पुस्तकाबाहेर जायचंच कशाला मास्तर?"

प्रयोग शाळेच्या पटांगणात झाला. अमीनसाहेब पुढच्या खुर्चीवर, मागं दोन शिपाई. बर्फ म्हणून वरून कापूस सोडला होता. तो अप्पांच्या मिशांना चिकटला, महबूबभाईंना शिंका आल्या आणि लोक हसले. अमीनसाहेब हसले नाहीत.

शेवटचा प्रवेश आला. अप्पा गजांपुढं उभे राहिले. आता नुसतं बघायचं आणि वळायचं. ते वळले नाहीत.

"पोरा," ते म्हणाले.

माझ्या हातातल्या पानावर हा शब्द नव्हता.

"भर दुपारी तू मागच्या दाराला आलास. मागं पोलीस होते. तीनदा हाक मारलीस. म्या तिन्ही ऐकल्या. आतून कडी धरून उभा ऱ्हायलो. दुकानापायी भ्यालो."

महबूबभाई कुणाकडं बघावं ते न कळून माझ्याकडं बघू लागले. अमीनसाहेब उठले आणि सरळ आडोशाला माझ्यापाशी आले.

"ये लिखा है?"

"जी," मी म्हणालो.

त्यांनी हात पुढं केला. पुस्तक देण्यावाचून इलाज नव्हता. माझी उर्दू जेमतेम, त्यांची घरची भाषा. ते सावकाश पान वाचू लागले. तिकडं अप्पा बोलतच होते, "तुला मारत नेलं, ते दाराच्या फटीतून बघितलं."

अमीनसाहेबांनी पुस्तक मिटलं.

"है," ते म्हणाले. "लिखा है. पर्दा गिराओ, सूरज डूब रहा है."

त्यांनी असं का केलं, ते मला कधीच कळलं नाही. पुढं महिन्याभरात त्यांची बदली झाली.

लोक गेल्यावर मी विचारलं, "अप्पा, शिवराज सोलापूरला नाही ना?"

"न्हाय. गुलबर्ग्याच्या तुरुंगात हाय. सत्याग्रहात धरून सहा महिने झाले. तुमी तवा सुट्टीला गावी होता, आन् हितं त्यावर कोण बोलत न्हाय."

"भेटायला गेला नाहीत?"

"काय तोंडानं जाऊ?" ते मिशीतला कापूस काढत राहिले.

मी तीन दिवस त्यांच्या मागं लागलो. चौथ्या दिवशी दुकानाची किल्ली माझ्या हातात देऊन ते गुलबर्ग्याला गेले. परत आल्यावर दोन दिवस ते गिऱ्हाइकांतच होते. मग एका संध्याकाळी, गिऱ्हाईक नसताना, आपणहून म्हणाले, "भेटला पोरगा. वाळलाय लई."

"बोललात?"

"सगळं पाठ होतं. पण त्यातला एक शब्द तोंडातून निघाला न्हाय. गजाला धरून नुसता उभा ऱ्हायलो."

"आणि तो?"

अप्पांनी उलगडलेलं ठाण पुन्हा गुंडाळायला घेतलं.

"त्यानं इचारलं, अप्पा, तुमी इकडं आलाव, मग दुकानात कोण हाय? म्या म्हणलं, मास्तर हायेत. तर म्हणला, मग आज ऱ्हावा की, उद्या परत या भेटायला."

"राहिलात?"

"व्हय," अप्पा म्हणाले. "तुरुंगाच्या भिंतीलाच टेकून बसलो सकाळपतुर."