एका वटवाघळाची पहिली कादंबरी

एका जंगलात सगळे प्राणी साहित्यावर फार प्रेम करायचे. वाचत कोणी नव्हतं, पण प्रेम होतं. आता तुम्ही विचाराल, न वाचता प्रेम कसं करतात? मुलांनो, तुम्ही अजून लहान आहात.

त्या जंगलात एक रीत होती. कोणाला पुस्तक भेट मिळालं, की ते दोन्ही हातांनी घ्यायचं. हात नसतील त्याने सोंडेने किंवा चोचीने घेतलं तरी चाले. मग ते कपाळाला लावायचं आणि घरातल्या सगळ्यात उंच जागी ठेवून द्यायचं. उंच ठेवलेलं पुस्तक खाली काढणं म्हणजे विद्येचा अपमान. असा अपमान त्या जंगलात आजवर कोणीही केला नव्हता.

त्याच जंगलात, नदीकाठच्या मोठ्या उंबरावर, एक वटवाघूळ राहायचं. तिचं नाव निशिगंधा. तिची सगळी जमात दिवसा झोपायची. ही मात्र दिवसा जागी राहून, उलटी लटकून, जांभळाच्या रसात बाभळीचा काटा बुडवून कादंबरी लिहायची.

"झोप गं आता," आई अर्धवट झोपेत म्हणायची. "लिहून कोणाचं भलं झालंय?"

कादंबरीचं नाव होतं 'पायाशी आभाळ'. तिच्यात चिमा नावाचं एक तरुण वटवाघूळ आहे. चिमाच्या आईचा पंख मोडलाय. तिला उडता येत नाही, म्हणून चिमाही उडत नाही. दोघी एका फांदीला शेजारी शेजारी लटकून असतात. वटवाघळांचं एक असतं, मुलांनो. पाखरं फांदीवरून वर झेपावतात. वटवाघळाला उडायचं तर आधी फांदी सोडून खाली पडावं लागतं. शेवटच्या पानावर चिमा फांदी सोडते.

ते पान लिहून झालं तेव्हा निशिगंधा खूप रडली. रडून झाल्यावर तिला शंका आली. चिमाने फांदी सोडली, ते बरोबर केलं का? लिहिलं तिनेच होतं, पण तिलाच कळेना. कोणीतरी ही कादंबरी वाचावी आणि आपल्याला एवढं सांगावं, इतकीच तिची इच्छा होती. मान नको होता, शाल नको होती. शाल कोणी दिलीच असती तर ती नाही म्हणाली नसती, पण ते वेगळं.

तिने आधी आईला विचारलं. "तू लिहिलंयस ना? मग चांगलंच असणार," असं म्हणून आईने पंखात तोंड खुपसलं. घरचं पुस्तक काय, कधीही वाचता येतं. त्यामुळे ते घरचे कधीच वाचत नाहीत.

मग निशिगंधा प्रकाशकाकडे गेली. जंगलातला प्रकाशक होता बगळा. तो उथळ पाण्यात एका पायावर, डोळे मिटून उभा असायचा. सगळे म्हणायचे, केवढं चिंतन करतो हा! मासेसुद्धा असंच म्हणायचे आणि जवळ यायचे.

बगळ्याने हस्तलिखित चोचीत धरून तोलून पाहिलं.

"वजनदार आहे," तो म्हणाला. "छापू."

"तुम्ही वाचणार नाही?"

"बाई, मी इतकी वर्षं या पाण्यात उभा आहे. वाचायला लागलो असतो तर बुडालो असतो. तुम्ही फक्त मुद्रितं नीट तपासा. आणि ठाम राहा बरं का. नवा लेखक दिसला की छापणारे त्याला गुंडाळतात."

"ठाम राहीन," निशिगंधा म्हणाली. आपण नवे आहोत हे कोणाला कळू नये, अशी तिची फार धडपड होती. ही धडपड दिसली की समजावं, लेखक नवा आहे.

छपाईचं काम सुतारपक्ष्याकडे असायचं. तो आधी एकेक पान लेखकाच्याच झाडाच्या खोडावर टोचून काढायचा. लेखकाने पसंत केलं, की लाकडाचा ठसा करून सागाच्या पानांवर उमटवायचा. त्याने पहिलं पान उंबराच्या खोडावर टोचलं आणि बाजूला सरकून म्हणाला, "बघा."

निशिगंधाने फांदीला लटकल्या लटकल्या पाहिलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हे सगळं उलटं आहे!"

सुतारपक्ष्याने मान वाकडी करून पाहिलं. "मला तर सुलटं दिसतंय, ताई."

"कादंबरी कोणाची आहे? तुझी की माझी?"

"तुमचीच."

"मग प्रत्येक पान उलटं कर. सगळंच्या सगळं. प्रस्तावनासुद्धा."

सुतारपक्षी भला प्राणी. लेखकांशी वाद घालून त्याची चोच पूर्वीच बोथट झाली होती. त्याने सगळं पुस्तक उलटं छापलं. मुखपृष्ठ तेवढं सुलटं राहिलं, कारण ते मोराने काढलं होतं. मोराचं चित्र लेखकाला आधी दाखवायची पद्धत नव्हती.

प्रकाशन समारंभ झाला नदीकाठच्या मोठ्या खडकावर, सूर्य मावळता मावळता. अध्यक्ष होते हत्तीदादा. प्रस्तावनाही त्यांचीच. तिच्यात त्यांनी आपलं बालपण, आपली पहिली आंघोळ आणि आपल्या आजोबांचे सुळे यांबद्दल भरभरून लिहिलं होतं. शेवटच्या ओळीत निशिगंधाला शुभेच्छा होत्या. प्रस्तावना त्यांना पाठ होती, त्यामुळे पुस्तक उघडायची वेळ आली नाही.

वेलीची गाठ सुटली. पुस्तक बाहेर आलं. मान्यवरांनी एकेक प्रत छातीशी धरली, मुखपृष्ठ लोकांकडे केलं आणि सगळे गालातल्या गालात हसत उभे राहिले. निशिगंधा खडकावरच्या फांदीला लटकली होती. तिला मुखपृष्ठ उलटं दिसलं. पण मोर म्हणजे मोठा कलावंत. नवी चित्रकला असेल, आपल्याला कुठली कळायला, असं म्हणून ती गप्प राहिली. मुलांनो, त्या दिवशी तिथे जेवढे गप्प राहिले, ते सगळे असंच काहीतरी म्हणून गप्प राहिले होते.

हत्तीदादा बोलायला उभे राहिले. "या कादंबरीत जीवनाचा खळाळ आहे. खळाळावरून आठवलं, मी लहान असताना…"

चंद्र वर आला तेव्हा ते मोठे झाले आणि खाली बसले.

मग निशिगंधाने सगळ्यांना प्रती वाटल्या. प्रत्येक प्रतीवर स्वतःच्या हाताने 'सप्रेम भेट' लिहिलं. सगळ्यांनी प्रती कपाळाला लावल्या. ती भीत भीत अध्यक्षांपाशी गेली.

"हत्तीदादा, चिमाबद्दल काय वाटलं तुम्हाला?"

"चिमा?" हत्तीदादांनी गर्दीत नजर फिरवली. "आली नाही का ती? पुढच्या वेळी आण हो तिला."

पुढे पोपटाचं परीक्षण आलं. पोपट जंगलातला एकमेव समीक्षक. सकाळी तो सगळ्यात उंच शेंड्यावर बसून परीक्षण ओरडून सांगायचा. "निशिगंधाताईंची लेखणी ओघवती आहे! ओघवती आहे!" याच पोपटाला हरणाच्या कविता ओघवत्या वाटल्या होत्या आणि कासवाचं प्रवासवर्णनही.

निशिगंधा उडत त्याच्याकडे गेली. "शेवट कसा वाटला? खरं सांगा."

पोपटाने चोच पंखावर पुसली. "शेवट शेवटी आलाय, हे फार परिणामकारक झालंय."

निशिगंधा घरी आली. तिला फार वाईट वाटलं. एवढ्या प्रती वाटल्या, एवढं कौतुक झालं, आणि चिमा अजून तशीच हवेत लटकली होती. फांदी सुटलेली आणि खाली कोणी नाही.

अशात एक दिवस माकड हसत हसत उंबरावर आलं. हसून हसून त्याला बोलता येईना.

"ताई, तुमची एक वाचक सापडली! ओढ्याकाठची द्वारकाकाकू! रोज तुमचं पुस्तक घेऊन बसते. आणि कसं धरते, माहिती आहे? उलटं! अक्षरशत्रू कुठली! सगळं जंगल बघायला चाललंय."

द्वारकाकाकू म्हणजे रानडुकरीण. समारंभाला ती मागे उभी होती, म्हणून तिलाही एक प्रत मिळाली होती. निशिगंधाला वाटलं, एवढ्या जंगलात एकीने पुस्तक हातात घेतलं, तर तिला वाचताच येत नाही! हे तरी डोळ्यांनी पाहावं, म्हणून भर दुपारी ती ओढ्यावर गेली.

ओढ्याकाठी चिखलाचं डबकं होतं. त्यात द्वारकाकाकू कुशीवर पडली होती. तिच्या पोटाशी पिल्लांची झुंबड उडाली होती. पिल्लं पीत होती आणि काकू वाचत होती. पलीकडच्या काठावर बघे जमून खिदळत होते.

निशिगंधा डबक्यावरच्या करंजाला लटकली. तिला एक गंमत वाटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला मुखपृष्ठ सुलटं दिसत होतं.

"काकू," ती हळूच म्हणाली, "तुम्ही पुस्तक उलटं धरलंय."

"मी कशाला धरू? तू छापलंयस तसं," काकू मान वर न करता म्हणाली. "बाहेरून सुलटं आणि आतून उलटं. खाली ये आणि बघ."

निशिगंधाने फांदी सोडली. आयुष्यात पहिल्यांदा ती चिखलात दोन पायांवर, डोकं वर करून उभी राहिली. काकूने मुखपृष्ठ सुलटं केलं आणि पान उघडून समोर धरलं. एकही अक्षर वाचता येईना.

तिला एकदम सगळं कळलं. आपण काय केलं ते कळलं, आणि जंगलाने काय केलं नाही तेही कळलं. ज्याने ज्याने पुस्तक उघडलं असतं, त्याने त्याने पहिल्याच पानाला येऊन तिला शिव्या घातल्या असत्या. कोणीच शिव्या घातल्या नव्हत्या. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"रडतेस काय गं?" काकू खेकसली. "छपाईला घाल चुलीत. मला आधी सांग, ती चिमा मेली फांदी का सोडते?"

निशिगंधाचं रडणं जागच्या जागी थांबलं.

"तुम्ही शेवटपर्यंत वाचलंत?"

"मग काय करू? सगळ्यांच्या घरी पुस्तक ठेवायला उंच जागा आहे. माझं घर म्हणजे हे डबकं. इथे उंच जागा आणू कुठून? दिवसभर ही कार्टी उठू देत नाहीत. म्हणून वाचलं. आणि असा संताप आला! मोडक्या पंखाची आई टाकून जाते सटवी! मी पुस्तक चिखलात फेकलं. हे बघ डाग."

"मग?"

"मग उचललं. परत वाचलं." काकूचा आवाज जरा खाली आला. "शेवटच्या पानाच्या आधी तू लिहिलंयस, आई चिमाच्या पायाच्या बोटांवरून नख फिरवते."

"हो. ती तिला कुरवाळते."

"कुरवाळते?" काकू उठून बसली. पिल्लं भराभर चिखलात पडली आणि केकाटली. "अगं वेडे, कुरवाळत नाही ती. फांदीवरून पोरीची बोटं सोडवतेय. एकेक करून. मी आई आहे, मला नको सांगूस."

 निशिगंधाने ते वाक्य लिहिलं होतं, दोनदा तपासलं होतं, आणि ते तिला आज पहिल्यांदा कळत होतं.

"म्हणजे चिमाने बरोबर केलं?" तिने विचारलं.

"बरोबर कसलं? जिवाला लागायचं ते लागणारच," काकू पुन्हा आडवी झाली. "पण आईनेच सोडवली म्हटल्यावर पोरीने काय करायचं? आणि हे बघ, मधलं ते उंबराच्या झाडाचं वर्णन काढून टाक. संपता संपत नाही. वाचून नुसती भूक लागते."

एवढं टाकून बोललेलं निशिगंधाने जन्मात ऐकलं नव्हतं. आणि एवढा आनंदही तिला कधी झाला नव्हता. ती चिखलासकट काकूच्या गळ्यात पडली.

पुस्तक उलटं आहे, ही बातमी पलीकडच्या काठावरून तासाभरात जंगलभर झाली. मोठा गोंधळ उडाला. आता आपण वाचलं नाही हे उघड होणार! सगळे बगळ्याकडे धावले. बगळ्याने डोळे मिटले, बराच वेळ मिटलेले ठेवले, मग उघडले.

"ही चूक नाही," तो म्हणाला. "हा प्रयोग आहे."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. हत्तीदादा म्हणाले की प्रस्तावनेत त्यांनी हे सुचवलंच होतं. पोपटाने लेखणी उलट बाजूनेही ओघवती असल्याचं जाहीर केलं. प्रयोगाबद्दल निशिगंधाला शाल मिळाली. मान्यवरांनी या वेळी पुस्तक खाली डोकं वर पाय असं छातीशी धरलं, तसंच कपाळाला लावलं आणि पुन्हा उंच जागी ठेवून दिलं. उघडलं याही वेळी कोणी नाही. माकडाने काकूला हसणं तेवढं सोडून दिलं, कारण आता सगळेच उलटं धरत होते.

निशिगंधा शाल घ्यायला गेली, ती पांघरूनच ओढ्यावर आली. तिने दुसरी कादंबरी सुरू केली होती. रोज दुपारी ती करंजाला लटकायची आणि नवीन लिहिलेलं काकूला वाचून दाखवायची.

"अगं, आत्ता कुठे पोरांचा डोळा लागलाय," काकू म्हणायची.

"एवढंच एक प्रकरण, काकू."

काकूने एकदा डबकं बदलून पाहिलं. निशिगंधाने फांदी बदलली.

तात्पर्य : मुलांनो, पुस्तक नेहमी कपाळाला लावावं आणि उंच जागी ठेवावं. घरात उंच जागा नसेल तर आजच करून घ्यावी. चुकून वाचलंतच, तर निदान लेखकाला कळू देऊ नये. नाहीतर तो दुसरं लिहितो.