लिंबाच्या झाडाचा कोट

"आज तारीख काय हो?" बायकोने विचारले, आणि मास्टरांनी ओळखले की हा प्रश्न काही तारखेचा नाही.

गेली तीन वर्षे थंडी तोंडावर आली की ती हेच विचारायची आणि मास्टर शिलाई मशीनवरची मान वर न करता म्हणायचे, "उद्या करतो." अंगणातल्या कुंडीत तिचे लिंबाचे झाड होते. तिच्या आईने बी पेरून वाढवलेले. आई गेली आणि झाड लेकीकडे आले. पहिल्या हिवाळ्यात त्याची निम्मी पाने गळली, दुसऱ्यात एक फांदी वाळली, तिसऱ्यात आणखी दोन. आता एकच फांदी उरली होती आणि तिच्यावर अकरा पाने. बायको रोज सकाळी चहाच्या आधी ती पाने मोजून यायची.

"रविवारपासून कडाका पडणार आहे," ती म्हणाली. "झाडाला एवढंसं ग्रीनहाऊस करून द्या म्हणून तीन वर्षं घसा कोरडा केला मी. यंदा आईचं झाड गेलं ना, तर तुमच्या गिऱ्हाइकांना एक अक्षर खोटं सांगणार नाही. सांगून ठेवते."

ही धमकी बरोबर वर्मी लागली. मास्टरांचा हात सोन्याचा होता, त्यांनी बेतलेला कोट अंगात घातला की कुबडा माणूसही ताठ चालायचा. फक्त तो कोट अंगात घालायचा दिवस उजाडत नसे. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर दिसले की मास्टर ट्रायलच्या पडद्याआड आणि बायको पुढे. "आत्ताच बाहेर गेले बघा." बावीस वर्षे ती हे एकच वाक्य बोलत आली होती, आणि पडद्याखालून दिसणाऱ्या मास्टरांच्या चपलांकडे गिऱ्हाइकांनी पाहू नये म्हणून मध्ये उभी राहत आली होती.

शनिवारी सकाळी मास्टर कामाला लागले. कपडे टांगायच्या जुन्या स्टँडचे पाइप जोडून सांगाडा उभा केला, जाड पारदर्शक प्लास्टिकचा गठ्ठा आणला आणि गळ्यातली टेप काढून झाडाचे माप घेतले.

"वाढतं अंग आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "शिवणीत माया जास्त सोडतो. पुढे उसवून मोठं करता येईल."

"पाणी घालायला मीही आत मावले पाहिजे."

"मग तुझंही माप दे."

"जुनंच धरा."

मास्टरांनी जुने धरले आणि कोणाला न सांगता वर आठ इंच वाढवले. संसार असाच टिकतो.

दुपारपर्यंत जे तयार झाले ते पाहून शेजारपाजारचे कुंपणाशी आले. खांद्याला उतार, छताला कॉलरीसारखी दुमड, मागच्या बाजूला हवेसाठी वीतभर खिडकी आणि तिच्यावर खिशाला असते तसे बटणाचे झाकण. खालच्या दुमडीत वाळू भरून ती विटांखाली पक्की दाबलेली. पुढे जमिनीपासून डोक्यापर्यंत चेन, आणि वारा शिरू नये म्हणून चेनला आतून दुहेरी शिलाईची पट्टी. कुंडी आत ठेवली. झाड पहिल्यांदाच चांगल्या घरातले दिसू लागले.

"सुईच्या भोकांतून गारवा येईल," बायको म्हणाली.

"मेणबत्ती फिरवतो ना शिवणीवर," म्हणत मास्टर आत शिरले. "तू बाहेरून चेन लावून बघ, फिटिंग कसं बसतंय."

सर्र करून चेन बसली. फिटिंग असे की मुंगी शिरायची नाही. मास्टरांनी सगळ्या शिवणींवर मेण घासले, समाधानाने हात झटकले, चेनची कडी धरायला हात पुढे केला आणि तिथेच थांबले. कडी बाहेर होती.

आयुष्यभर त्यांनी जे जे शिवले, त्यात माणूस आत असायचा आणि त्याचे हात बाहेर. हातांसकट अख्खा माणूस आत जाईल असे काही त्यांनी कधी शिवलेच नव्हते.

"अगं, उघड!"

"आले, दूध वर येतंय," म्हणत ती घरात गेली, आणि नेमका तेव्हाच पोस्टमन फाटकाशी आला. मागच्या हिवाळ्यात टाकलेला त्याचा कोट या हिवाळ्यातही मास्टरांकडेच होता.

"मास्टर आहेत का?" त्याने सवयीने विचारले.

बायको दारात आली. तिने पोस्टमनकडे पाहिले, झाडाकडे पाहिले, मग नवऱ्याकडे.

"आहेत ना," ती म्हणाली. "ते काय, समोरच आहेत."

मास्टर सवयीने लपायला जागा शोधू लागले आणि जागा चारी बाजूंनी पारदर्शक होती. त्यांनी अकरा पानांमागे तोंड घालून पाहिले, पण अकरा पाने ती किती पुरणार!

"उघड की रे," ते प्लास्टिकला नाक लावून म्हणाले. "बाहेर येतो आणि आत्ता देतो तुझा कोट."

"छे छे," पोस्टमन म्हणाला. "आता सापडलात, तिथेच बरे आहात." तो सायकलवर बसला आणि टपाल वाटता वाटता बातमीही वाटत गेला.

अर्ध्या तासात अंगणात रांग लागली. शाळेच्या हेडबाई आल्या. त्यांच्या नातवाचा गणवेश दीड वर्षापूर्वी टाकला होता, नातू आता त्यात एका पायाने मावला असता. पाठोपाठ एक जाडसर तरुण आला.

"माझा लग्नाचा सूट, मास्टर."

"तुमचं लग्न पुढच्या महिन्यात ना?"

"मागच्या मार्चमध्ये झालं. मेहुण्याचा सूट घालून. फोटोत सगळे विचारतात, नवरा कोणता!"

मास्टरांचा संयम सुटला. त्यांनी खिशातली कात्री काढली आणि प्लास्टिकला टेकवली.

"कापा," बायको हळू आवाजात म्हणाली. "उद्या रविवार आहे."

मास्टरांनी झाडाकडे पाहिले. एवढ्या जवळून ते कधी पाहिलेच नव्हते. वाळलेल्या फांद्या तिने किती हळुवार छाटल्या होत्या, खोडाला त्यांच्याच दुकानातली चिंधी किती जपून बांधली होती. आपल्या प्रत्येक 'उद्या'ची एकेक फांदी गेली, हे त्यांना तिथे उभे राहून कळले आणि फार वाईट वाटले. त्यांनी कात्री परत खिशात घातली.

"मागच्या खिडकीतून सुई-दोरा दे," ते म्हणाले. "आणि तो पोस्टमनचा कोट. बटणंच राहिलीत."

खिडकीतून एकेक कपडा आत जाऊ लागला. पळायला वाट नाही, पडदा नाही, आणि बाहेर रांगेत सगळे डोळे वटारून बसलेले. शिवाय आत मस्त ऊब होती. थंडीत आखडणारी मास्टरांची बोटे अशी सुटली की त्यांनाच नवल वाटले. गणवेशाची सगळी माया उसवून झाली, सूट दोन्ही बाजूंनी सैल झाला. दिवेलागणीपर्यंत बावीस वर्षांत पहिल्यांदाच दुकानातली राहिलेल्या कपड्यांची खुंटी मोकळी झाली.

शेवटचे गिऱ्हाईक गेल्यावर बायकोने चेन खाली ओढली. मास्टर घामाघूम होऊन बाहेर आले.

"आतूनही एक कडी लावायला हवी," ते म्हणाले.

"कधी लावता?"

"उद्या लावतो," मास्टर सवयीने म्हणून गेले.

तो हिवाळा सरला, लिंबावर आता चौतीस पाने आहेत. मास्टर रोज दुपारी त्याला पाणी घालायला आत जातात, आणि मागून सर्रकन आवाज येतो. आतली कडी अजून लागलेली नाही, आणि या एका कामासाठी बायकोने त्यांच्यामागे कधी तगादा लावलेला नाही.